‘मंग?’ : गावात बसून मुलाखत कशी घ्यावी

वही उघडली की घरातून आधार कार्ड येतं. विदर्भातल्या खेड्यांत काम केलेल्या कुणालाही हे ओळखीचं असेल. आपण ओसरीवर टेकतो, पिशवीतून वही-पेन काढतो, आणि घरची बाई काही न विचारता आत जाऊन आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि सातबाराची झेरॉक्स घेऊन येते. तिच्या लेखी आपण सर्वेवाले. आजवर तिच्या दारात आलेला प्रत्येक वहीवाला काहीतरी भरून घेऊन गेला आहे.

२००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात येऊन गेले आणि अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचं पॅकेज जाहीर झालं. त्याच्या आधी आणि नंतरही इथल्या गावांनी किती प्रश्नावल्या पाहिल्या त्याची गणती नाही. शासनाच्या, संस्थांच्या, विद्यापीठांच्या, टीव्हीवाल्यांच्या. म्हणून लोकांकडे उत्तरं तयार असतात. ‘काय अडचण आहे?’ असं विचारलं की लगेच येतं, “पानी नाई, भाव नाई, कर्ज हाय.” तिन्ही गोष्टी शंभर टक्के खऱ्या आहेत. पण तेवढ्यावरून त्या माणसासाठी एक साधं अवजारसुद्धा घडवता येत नाही, कारण त्यात त्याचा दिवस नाही, त्याचे हात नाहीत, त्याच्या घरातली माणसं नाहीत.

मी विद्यार्थ्यांचे गट घेऊन गावांत जाते, आणि डिझाइन थिंकिंगमधली (म्हणजे वापरणाऱ्या माणसापासून सुरुवात करून उपाय घडवण्याच्या पद्धतीतली) मुलाखत शिकवताना माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: या तयार उत्तराच्या पलीकडे कसं जायचं. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात २००५ च्या सुमारास सुरू झालेल्या डी-स्कूलने ही पद्धत पाच पायऱ्यांत बसवून जगभर नेली: माणसं समजून घेणं, प्रश्न नेमका मांडणं, कल्पना काढणं, नमुना करणं, तो तपासणं. पहिली पायरी कच्ची राहिली तर बाकीच्या चार कितीही देखण्या केल्या तरी वाया जातात. या लेखात फक्त पहिल्या पायरीतली मुलाखत आहे, आणि तिच्यातून प्रश्न मांडण्यापर्यंतची वाट.

उदाहरण म्हणून सगळीकडे एकच काम घेते, कापसावरच्या फवारणीचं. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. आमचा एक गट याच विषयावर काम करायला निघाला होता. जाताना त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं होतं: ‘शेतकरी सुरक्षा किट का वापरत नाहीत?’

निघण्याआधी प्रश्न सैल करा

त्या वाक्यात उत्तर आधीच ठरलेलं आहे. किट (मास्क, हातमोजे वगैरे) चांगलं आहे, माणूस ऐकत नाही, आता त्याला पटवायचं कसं एवढंच बाकी. असा प्रश्न घेऊन गेलात तर पन्नास मुलाखती घेऊनही ‘निष्काळजीपणा’ आणि ‘जागृतीचा अभाव’ हेच शब्द घेऊन परत याल.

प्रश्नातून तुमची वस्तू काढून टाका आणि माणसाचं काम ठेवा. ‘फवारणीचा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत कसा जातो, आणि त्यात कोणाकोणाचा हात लागतो?’ एवढंच. मग गटातल्या प्रत्येकानं कागदावर लिहायचं की या विषयाबद्दल आपल्याला आधीच काय वाटतं. आमच्या मुलांनी लिहिलं: मास्क महाग असेल, बाटलीवरचं वाचता येत नसेल, पैलवानकी असेल. तो कागद पाकिटात घालून ठेवायचा आणि परत आल्यावर उघडायचा. गावात असताना आपलं मन हेच उत्तर शोधत फिरतं, म्हणून ते आधी बाहेर काढून ठेवलेलं बरं.

कोणाला भेटायचं

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडं थांबून सांगते.

गावात गेलं की पहिली भेट होते ती सरपंच, पोलीस पाटील किंवा एखाद्या प्रगतशील शेतकऱ्याशी. ते चहा पाजतात, सगळं समजावून सांगतात, चार घरंही सुचवतात. ती चार घरं त्यांच्याच आळीतली असतात. तिथेच थांबलात तर तुम्ही गावाला भेटलाच नाहीत.

त्यापेक्षा कामाचा माग काढा. औषध कुठून येतं? कृषी केंद्रातून, म्हणजे दुकानदार. पैसे कोण देतं? जमिनीचा मालक. पाठीवर पंप कोण घेतं? बहुतेक वेळा मजूर किंवा सालदार. फवारणीला लागणारं पाणी विहिरीवरून किंवा नाल्यावरून कोण आणतं? बाई, डोक्यावर गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, घेऊन. संध्याकाळी ते कपडे कोण धुतं? तीच किंवा तिची सून. एका कामाला पाच माणसं लागली, आणि ‘शेतकरी’ या शब्दात त्यातला एकच मावतो. या पाचांपैकी प्रत्येक जागेवरची किमान दोन माणसं भेटायला हवीत. एका गावात, एका विषयावर, नीट घेतलेल्या दहा मुलाखती पुष्कळ होतात. नव्या माणसाकडून त्याच त्या हकिकती येऊ लागल्या की समजायचं, या जागेचं पुरेसं ऐकून झालं.

दोन माणसं मुद्दाम टोकाची शोधा. फवारणी कायमची सोडून दिलेला एखादा, आणि हंगामात रोज दुसऱ्याच्या शेतात पंप मारणारा एखादा. सरासरी माणसाला जे अंगवळणी पडल्यामुळे दिसेनासं झालेलं असतं, ते या दोघांना स्पष्ट दिसतं.

वेळ गावाची

कापसाच्या पट्ट्यात पेरणीच्या दिवसांत कोणाला वेळ नसतो. दिवाळीच्या मागेपुढे वेचणी सुरू झाली की बायकांना किलोमागे मजुरी मिळते, म्हणजे तुमच्याशी बोललेला तास त्यांना थेट पैशांत पडतो. पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीत भाताच्या रोवण्याच्या दिवसांत हीच गत. मे महिन्यात कापसाचा शेतकरी मोकळा असतो, पण जंगलाकडच्या गावांत तेव्हा तेंदूपत्त्याचा हंगाम असतो आणि माणसं पहाटेच घर सोडतात. आठवडी बाजाराचा दिवस आधी विचारून घ्या. त्या दिवशी गाव रिकामं असतं, पण बाजारात झाडाखाली बसून गप्पा छान होतात.

माझ्या अनुभवात पुरुषांसाठी संध्याकाळी पाराजवळची किंवा पानठेल्यावरची वेळ ठीक आहे, तीही फक्त ओळख करून घेण्यापुरती. खरी मुलाखत शेतात, जिथं काम होतं तिथं. बायकांसाठी दुपारची भाकर खाण्याची सुटी, किंवा रात्रीचा स्वयंपाक आटोपल्यावरचा अर्धा तास. ती चुलीपाशी असेल तर चुलीपाशी बसा. तिला ‘जरा इकडे येऊन बसता का’ असं म्हणू नका.

पैशांचा प्रश्न लोक टाळतात, मी टाळत नाही. मोकळ्या संध्याकाळी दारात बसून झालेल्या गप्पांचे पैसे देऊ नयेत, त्यानं गप्पांची मजुरी होते. पण कोणाची अर्ध्या दिवसाची कामाची वेळ घेतली तर अर्ध्या दिवसाची मजुरी द्यायची, आणि ती आधी सांगून द्यायची.

पहिली पाच मिनिटं

दोघांनीच जायचं. एक बोलणार, एक लिहिणार. चार-पाच जण एका घरात शिरले की ती चौकशी होते. दोघांत एक तरी बाई असावी.

वही लगेच काढू नका. आधी आपण कोण, कुठून आलो, आणि मुख्य म्हणजे आपण काय नाही ते सांगा. मी साधारण असं म्हणते: “मावशी, आम्ही कॉलेजातून आलो. सरकारी नाही. आमच्याकडून काही योजना-अनुदान मिळणार नाही, नाव कुठे लागणार नाही. फवारणीचं काम कसं होते ते शिकायला आलो. सांगावंसं वाटलं तर सांगा, नाही वाटलं तर नका सांगू. मधातच उठा म्हटलं तरी उठू.” यातलं ‘मिळणार नाही’ हे वाक्य तोंडातून निघत नाही, कारण समोरचा हिरमुसेल अशी भीती वाटते. तो हिरमुसतो, हे खरं. पण त्यानंतर तो जे बोलतो ते यादीत नाव लागावं म्हणून बोलत नाही.

कार्ड-पासबुक आणलंच तर हातात न घेता म्हणा, “हे ठेवून द्या आत, आमच्या कामाचं नाही.” या एका वाक्यानं बाईचा चेहरा बदललेला मी कित्येकदा पाहिला आहे.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर फोन दाखवून परवानगी घ्या, आणि ‘हाव’, म्हणजे ‘हो’, आलं तरी जरा थांबा. इथलं ‘हाव’ पुष्कळदा पाहुण्याचा मान राखण्यासाठी असतं. ‘पाहू’ म्हणजे तर बहुतेक वेळा ‘नाही’. शंका आली तर रेकॉर्डिंग नको, हातानं लिहा. फोटो शेवटी, विचारून, आणि चेहऱ्यापेक्षा हातांचे आणि वस्तूंचे.

मत नको, मागची वेळ सांगा

‘तुम्ही फवारणी करताना काळजी घेता का?’ या प्रश्नाला जगात कुठेही ‘हो’च उत्तर येईल. ‘साधारणपणे कसं करता?’ असं विचारलं तर माणूस कसं करायला पाहिजे ते सांगतो. खरं काय झालं ते फक्त एका ठरावीक दिवसाच्या हकिकतीत असतं. म्हणून मुलाखतीचा पहिला खरा प्रश्न असा ठेवा:

“मागची फवारणी कवा झाली? त्या दिवशी सकाळी उठल्यापासून सांगा.”

आणि मग गप्प राहा. माणूस आठवायला लागतो. आठवताना थांबतो. त्या थांबण्यात आपण पुढचा प्रश्न घुसवला की गेलं. मनात दहापर्यंत मोजायचं. सातव्या-आठव्या आकड्याला तो स्वतःच पुढे बोलतो, आणि तेच मोलाचं असतं.

पुढे न्यायला वऱ्हाडीत एक फार सुंदर शब्द आहे: “मंग?” यात शंका नाही, आरोप नाही, घाई नाही. गोष्ट ऐकणारं लेकरू म्हणतं तसं ‘मंग?’ त्याच्याच शेजारी ‘कावून?’, म्हणजे ‘का?’, ठेवून बघा. “कावून नाई घातला मास्क?” म्हटलं की समोरचा आरोपीच्या पिंजऱ्यात जातो आणि बचाव सुरू करतो. कारण हवंच असेल तर “तवा काय झालं होतं?” असं विचारा. कारण त्या हकिकतीत असतंच.

एका मजूरभाऊंशी झालेलं बोलणं लिहिणाऱ्या मुलीच्या वहीतून देते:

“सकाळी आठ वाजता गेलो. मालकानं औषध कालवून ठेवलं होतं.”

“मंग?”

“मंग काय, पंप भरला. दुपारलोक वीस पंप झाले.”

“बाटली पाहिली होती का तुम्ही?”

“नाई जी. बाटली मालकापाशी रायते.”

बाटलीवर लाल, पिवळा, निळा, हिरवा असे विषाच्या तीव्रतेचे त्रिकोण असतात. लाल सगळ्यात जहाल. आमच्या मुलांच्या डोक्यात बाटलीवरचं चित्र आणखी सोपं करायची कल्पना घोळत होती. पण पंप पाठीवर घेणाऱ्याच्या हातात बाटली येतच नाही, हे या चार ओळींत कळलं. ‘वाचता येत नसेल’ हा पाकिटातला अंदाज इथेच कोसळला.

हकिकत एकदा सांगून झाली की दुसरा टप्पा: ‘करून दाखवा’. पंप आणा, रिकामाच पाठीवर घ्या, औषध कसं मोजता ते पाण्यावर दाखवा. बोलण्यात सुटलेलं हातांत सापडतं. मोजमाप बाटलीच्या झाकणानं होतं हे कोणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं कोणाला वाटलंच नव्हतं. दोन बाटल्यांची झाकणं शेजारी ठेवली तर त्यांचे आकार वेगळे निघाले, आणि घरातला प्रत्येक माणूस ‘दोन झाकणं’च म्हणत होता. मास्कचंही तेच. एका भाऊंनी तो बांधून पंप उचलला, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कापसाच्या दोन ओळींमध्ये उतरून दाखवलं, आणि दोन मिनिटांत घामानं भिजलेलं कापड नाकाला चिकटलं. सप्टेंबरचा उकाडा, डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी (कापसाची झाडं), पाठीवर भरलेला पंप. पैलवानकीचा अंदाजही वहीतून खोडावा लागला.

प्रश्नांची भाषा शक्य तितकी त्यांच्या शब्दांत असू द्या. ‘समस्या’ हा ऑफिसातला शब्द आहे, घरात ‘तरास’ असतो. ‘कीटकनाशक’ फक्त कागदावर. बोलण्यात ते ‘औषध’. या एका शब्दावर आमच्या गटाची रात्रभर चर्चा झाली होती. जी वस्तू औषध म्हणवते ती घरात औषधासारखीच ठेवली जाते, फळीवर, मिठाच्या डब्याशेजारी. अशा शब्दांची वेगळी यादी करा. कित्येक कल्पना तिथूनच सुटतात. पण वऱ्हाडी येत नसेल तर ओढूनताणून बोलू नका. लोकांना नक्कल लगेच कळते. साधी, छोट्या वाक्यांची मराठी पुरते.

आणखी काही प्रश्न, जे माझ्या वहीत कायम असतात: त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? घरी आल्यावर पहिलं काय केलं? यातलं कोणतं काम तुम्ही लेकराला करू देणार नाही? तुम्ही स्वतः काही जुगाड केलं आहे का? शेवटचा विसरू नका. माणसानं स्वतः बांधलेली दोरी, फाडून शिवलेली पिशवी, उलटा घातलेला सदरा, यांच्यात त्याची गरज स्वच्छ लिहिलेली असते. एकच प्रश्न कधी विचारू नये: ‘तुम्हाला काय पाहिजे?’ त्याला उत्तर म्हणून योजनांची यादी येते.

नवरा बोलतो, बाई ऐकते

“तिले काय समजते, मीच सांगतो.” हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा. वाद घालू नका. त्यांचं पूर्ण ऐका, मग दोघांपैकी एकानं म्हणावं, “काका, पंप कुठं ठेवता ते दाखवता का?” आणि त्यांना कोठ्याकडे घेऊन जावं. दुसरी तिथेच बसते. मावशी मग स्वतःहून सुरू होतात.

आमच्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट अशाच पाच मिनिटांत कळली. “पानी मी आनतो,” मावशी म्हणाल्या. “ड्रममंधी ओततो, मंग हे औषध टाकतात, मी काडीनं हालवतो. अंगावर उडते ना थो. लुगडं वलं झालं का दिवसभर तसंच.” किट दिलं गेलं ते पंप मारणाऱ्याला. कालवणारी बाई कोणाच्याच हिशेबात नव्हती. ती स्वतःलाही फवारणी करणारी म्हणत नव्हती. ‘फवारा आमच्या घरचे करतात’ असंच तिनं सुरुवातीला सांगितलं होतं.

ओसरीवर गर्दी जमली तर हाकलता येत नाही, हाकलूही नये. गर्दीला गर्दीचं काम द्या. रॉबर्ट चेंबर्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावासोबत जमिनीवर नकाशा काढण्याची जी रीत रूढ केली, ती अशा वेळी फार उपयोगी पडते. चुना, काड्या, खडे घ्या आणि विचारा, “गावातलं पाणी कुठं कुठं आहे, शेतं कोणत्या अंगाला?” म्हातारेही वाकून खडे सरकवतात, पोरं भांडतात, नकाशा होतो. त्यात कोण गप्प उभं आहे ते पाहून ठेवा. दुसऱ्या दिवशीची मुलाखत त्यांची.

भाषा मराठी नसेल तेव्हा

मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, यवतमाळच्या पोडांवर (कोलामांच्या वस्त्यांवर) कोलामी, बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी. मराठी समजते म्हणून मराठीतच रेटू नका. दुःखाच्या आणि शरीराच्या गोष्टी माणूस आपल्याच भाषेत सांगतो. दुभाषा म्हणून आशाताई किंवा अंगणवाडीताई सहज मिळतात आणि मनापासून मदत करतात. पण आरोग्याबद्दल बोलायचं असेल तर त्यांच्यासमोर ‘गोळ्या फेकून दिल्या’ असं कोणी म्हणणार नाही. अशा वेळी त्या कामाशी संबंध नसलेली गावातली शिकलेली मुलगी बरी. तिला आधीच सांगा: ‘ती म्हणते की’ असं सुरू करू नको, ‘मी’ म्हणून तिचंच वाक्य सांग, आणि गाळू नको. तुम्ही मात्र दुभाष्याकडे न बघता बोलणाऱ्या माणसाकडे बघा.

लोकांना नीट विचारल्यानं काय बदलतं याचं उदाहरण गडचिरोलीतच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये ‘सर्च’ ही आरोग्यावर काम करणारी संस्था सुरू केली. आदिवासी माणूस मोठ्या दवाखान्याला का घाबरतो हे त्यांनी लोकांकडूनच समजून घेतलं. मोठी परकी इमारत, पांढरे कपडे, सोबतच्या नातेवाइकांना राहायला जागा नाही, हे सगळं बाहेर आलं. मग दवाखाना आदिवासी गावाच्या धर्तीवर झोपड्यांसारखा बांधला गेला, नातेवाईक सोबत राहतील अशी सोय झाली आणि नाव दिलं गेलं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

जिथं थांबायचं तिथं थांबा

या भागात फवारणीचं औषध म्हटलं की कोणाच्या घरात कोणती आठवण उठेल सांगता येत नाही. एकदा एक आजी बोलता बोलता थांबल्या आणि भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत राहिल्या. अशा वेळी पेन खाली ठेवायचं. पुढचा प्रश्न नाही, ‘कधी झालं, कसं झालं’ नाही. त्यांना बोलावंसं वाटलं तर ऐकायचं आणि त्यातलं अक्षरही वहीत घ्यायचं नाही. घरातलं कोणी आजही खचलेलं दिसलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक लिहून द्या, आणि गावातल्या आशाताईंना भेटायला सुचवा. आपल्याला त्यांच्या दुःखावर काम करण्याचं शिक्षण नाही, आणि त्यांनी आपल्याला त्यासाठी बोलावलेलंही नाही.

त्याच रात्री

उद्यावर ढकललं की निम्मं जातं. मुक्कामाच्या जागी जेवणाआधी दोघांनी मिळून नोंदी पूर्ण करायच्या. नाव लिहायचं नाही. ‘पाणी आणणाऱ्या मावशी, पन्नाशीच्या’ असं लिहायचं. एका मोठ्या कागदाचे चार भाग करा: काय म्हणाल्या, काय करताना दिसल्या, काय विचार करत असाव्यात, काय वाटत असावं. पहिल्या दोन भागांत फक्त ऐकलेलं आणि पाहिलेलं, शब्दन् शब्द त्यांचाच. ‘अंगावर उडते ना थो’ हे तसंच. त्याचं ‘त्वचेशी संपर्क येतो’ करू नका. तसं केलंत की मावशी निघून गेल्या आणि अहवाल उरला. पुढचे दोन भाग आपला अंदाज आहेत, म्हणून ते पेन्सिलीनं लिहावेत.

मग विसंगती शोधा. तोंडानं एक आणि हातांनी दुसरं, असं कुठं झालं? ‘आम्ही फवारा करत नाही’ म्हणणारी बाई दिवसभर औषधाच्या ड्रमपाशी उभी असते. या फटीत प्रश्न असतो.

ऐकलेल्यातून गरज काढताना

गरज वस्तूच्या नावानं लिहू नका, क्रियेनं लिहा. ‘मावशींना हातमोजे पाहिजेत’ म्हटलं की काम हातमोज्यांवरच संपतं. ‘मावशींना ड्रममध्ये वाकावं न लागता औषध ढवळता यायला हवं’ म्हटलं की वीस वाटा उघडतात: ड्रमचं तोंड, काडीची लांबी, उंची, झाकण, पाणी ओतायची जागा.

आमच्या गटानं शेवटी लिहिलेलं वाक्य असं होतं: ‘फवारणीच्या दिवशी पाणी आणून औषध ढवळणाऱ्या बाईला ते अंगावर उडू न देता ढवळता यायला हवं, कारण ती स्वतःला फवारणी करणारी समजत नाही आणि म्हणून तिच्यासाठी कोणी काहीच केलेलं नाही.’ यात एक माणूस आहे, एक क्रिया आहे, आणि आपल्याला आधी माहीत नव्हतं असं एक कारण आहे. तिसरा भाग गावात न जाताही लिहिता आला असता, तर समजायचं मुलाखती वरवरच्या झाल्या.

मग पाकीट उघडा. जे तीन अंदाज लिहिले होते त्यांच्यासमोर काय सापडलं ते लिहा.

परत जाणं

विदर्भातल्या गावांचा आपल्यासारख्यांवरचा मोठा राग हा की येतात, विचारतात आणि परत तोंड दाखवत नाहीत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावच्या अभ्यासगटांची मला म्हणून ओढ वाटते: तिथे बाहेरचा अभ्यासक आणि गावकरी एकत्र बसून प्रश्न समजून घेतात, आणि समजलेलं गावातच राहतं. तेवढं जमलं नाही तरी निदान एकदा परत जायचंच. जे वाक्य लिहिलं ते ज्यांच्यामुळे सुचलं त्यांना वाचून दाखवायचं आणि विचारायचं, यात कुठे चुकलं?

आम्ही महिन्याभरानं गेलो तेव्हा सोबत बांबू आणि पुठ्ठ्याचा एक कच्चा नमुना होता. कमरेएवढ्या उंचीची तिवई, वर ड्रम, ड्रमला अर्धं झाकण, झाकणातून आत जाणारी लांब दांडी. नमुना मुद्दाम कच्चा ठेवावा, म्हणजे लोकांना त्याला नावं ठेवायला संकोच वाटत नाही. मावशींनी दांडी फिरवून पाहिली, दोन पावलं मागे सरकून उभ्या राहिल्या, हसल्या. म्हणाल्या, “चांगलं हाय.” मुलं खूश झाली. मी बोटानं खुणावलं, थांबा. आठ-दहा सेकंद गेले.

“पन हे संध्याकाळी घरी कोन नेईन?”

“मंग?”

“शेतात ठेवलं तर रातीतून जाते. ड्रम मी डोक्यावर आनतो, पंप हे घेतात. गुंड, शिदोरी, काडी. हे कुठं घेऊ?”

शेतात रात्री काहीच ठेवत नाहीत, ही गोष्ट दहा मुलाखतींत एकदाही आली नव्हती, कारण आमची हकिकत दर वेळी शेवटच्या पंपापाशी संपत होती. लिहिणाऱ्या मुलीनं तिथेच वहीचं नवं पान काढून वर लिहिलं: ‘संध्याकाळी शेतातून घरी जाताना कोणाच्या डोक्यावर, पाठीवर, हातात काय असतं?’ आणि आम्ही त्यांच्यासोबत उठलो, बंडीच्या वाटेनं गावाकडे चालत.